मरीआईचा गाडा कीं गांवची विहीर?

मृगाचा पाऊस पडला कीं शेतकऱ्याला पेरणीवांचून दुसरें कांहीं सुचत नाहीं. पण त्याच दिवसांत गांवोगांव आणखी एक पेरणी होत असते आणि तिच्याकडे कोणाचें लक्ष नसतें. उकिरड्याची, तुंबलेल्या गटाराची, ओढ्याकांठच्या हागणदारीची घाण पहिल्या लोंढ्याबरोबर वाहूं लागते आणि आडांत, तळ्यांत, नळाच्या फुटक्या पाईपांत उतरते. आठ-पंधरा दिवसांत तें पीक कापणीस येतें. एका घरीं जुलाब, दुसऱ्या घरीं ओकाऱ्या, तिसऱ्या घरीं रडारड. मग वर्तमानपत्रांत 'अमक्या गांवीं गॅस्ट्रोची लागण' अशी दोन ओळींची बातमी येते, सरकारी जीप येऊन जाते, आणि पाऊस उघडला कीं सारें विसरलें जातें. पुढच्या मृगाला पुन्हां तीच पेरणी!

आमच्या आज्या-पणज्या या रोगाला पटकी, मोडशी, जरीमरी म्हणत; डॉक्टर कॉलरा म्हणतात. गॅस्ट्रोची प्रत्येक लागण कॉलराचीच असते असें नाहीं. पण कॉलरा, हगवण, मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड आणि पाण्यांतून येणारी कावीळ, हे सारे रोग एकाच वाटेनें येतात. एकाच्या मैल्यांतून निघावयाचें आणि दुसऱ्याच्या तोंडांत शिरावयाचें, ही ती वाट. म्हणून आजच्या लेखांत आम्हांला दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. पटकीच्या रोग्याला वांचविण्याचें पहिलें औषध शेतकऱ्याच्या, कुंभाराच्या, लोहाराच्या, प्रत्येकाच्या घरांत आहे, आणि तें देण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं, ही एक. पटकीचें मूळ मात्र गांवच्या सार्वजनिक पाण्यांत आहे, आणि तें एकट्यादुकट्यानें उपटत नाहीं, सर्व गांवानें मिळूनच उपटावें लागतें, ही दुसरी. या दोन गोष्टी ज्या गांवाला समजल्या त्या गांवांत पटकीनें माणूस मरण्याचें कारण उरत नाहीं.

आधीं रोग म्हणजे काय तें पाहूं. पटकी ही कोणाचा कोप नव्हे. ती एका सूक्ष्म जंतूची करणी आहे. फिलिपो पाचिनी नांवाच्या इटालियन विद्वानानें तो जंतु १८५४ सालीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला. पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरानें कलकत्त्यास येऊन रोग्यांच्या आंतड्यांत आणि तेथील तळ्याच्या पाण्यांत तोच स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु शोधून काढला. तो पोटांत गेल्यापासून कांहीं तासांत, किंवा फार तर पांच दिवसांत, रोग उठतो. हा जंतु एक विष सोडतो आणि त्या विषानें आंतड्याची भिंत शरीरांतलें पाणी व मीठ बाहेर ओतूं लागते. हें विषाचें प्रकरण १९५९ सालीं कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनीं सशांच्या आंतड्यावर प्रयोग करून सिद्ध केलें. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब सुरू होतात. जोराच्या पटकींत मोठ्या माणसाच्या अंगांतून तासाला लिटरभर पाणीहि जाऊं शकतें. डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, नाडी लागत नाहीं. जोराच्या पटकीचा रोगी उपचारावांचून राहिला तर दोघांतला एक मरतो, आणि वेळेवर उपचार झाला तर शंभरांत एकहि मरत नाहीं. मोटेनें विहीर उपसावी तसा तो उपसला जातो. विषानें नव्हे, पाण्यावांचून मरतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. हा जंतु ज्यांच्या पोटांत जातो त्यांतले पुष्कळ लोक आजारी पडतच नाहींत. पण त्यांच्या मैल्यांतून तो कांहीं दिवस बाहेर पडत राहतो. तेव्हां 'आमच्या घरीं सगळे धडधाकट आहेत, आम्ही कोठेंहि बसलों तर काय बिघडलें?' हा वाद फुकट आहे. 'आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार' अशी आमची म्हण आहे. ती आम्ही आज उलटी करून सांगतों: आडांत जें जाईल तेंच पोहऱ्यांत येईल.

आतां अशा या रोगावर आमच्या गांवांनीं पिढ्यान् पिढ्या काय उपाय केला? मरीआईचा गाडा काढला. दाणे-पैसे गोळा करावयाचे, बोकड-कोंबडीं कापावयाचीं, पोतराजानें अंगावर आसूड ओढून घ्यावयाचे, आणि देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे शेजारच्या गांवच्या हद्दींत सोडून यावयाचा. शेजारच्या गांवानें तो त्याच्या पुढच्या गांवाकडे ढकलावयाचा. वाचकहो, यांतील नीति तर पाहा! आपलें मरण शेजाऱ्याच्या दारांत ठेवणें याला आम्ही धर्म म्हणालों. आणि रोग तरी गेला काय? गाड्याबरोबर माणसें गेलीं, त्यांच्या पोटांतले जंतु गेले, आणि इकडे आपली विहीर होती तशीच उघडी राहिली. पोतराजाला आम्ही दोष देत नाहीं. त्या गरिबानें पोटासाठीं आपल्या पाठीचें कातडें सोलून घेतलें. तो तमाशा ओट्यावर बसून पाहणारे आणि त्याला बोलावून आणणारे अधिक दोषी आहेत. आतां गाडे कमी झाले आहेत, पण गाड्यामागची बुद्धि गेलेली नाहीं. अंगारा लावणें, गंडा बांधणें, भगताचें भारलेलें पाणी पाजणें आणि त्यांत पहिले सहा-आठ तास घालविणें, हें आजहि चालतें. पटकींत ते सहा-आठ तास म्हणजेच जीव. एका बोकडाच्या किंमतींत गांवच्या विहिरीला कित्येक महिने पुरेल इतकी टीसीएल पावडर येते, हा हिशेब कोणी मांडून पाहिला आहे काय?

भिक्षुकशाहीनें आमच्या डोक्यांत 'पवित्र' आणि 'स्वच्छ' हे दोन शब्द एक करून टाकले, हें या साऱ्याच्या मुळाशीं आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों बांधवांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्यायले. कायद्यानें तो हक्क त्यांना होताच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे हा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालींच मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मंजूर करून घेतला होता. पण माणसांनीं पाणी पिण्यानें तळें बाटलें, म्हणून सनातन्यांनीं शेण, गोमूत्र, दूध व दही कालवलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत त्या तळ्यांत ओतल्या आणि तळें शुद्ध झालें असें जाहीर केलें! ज्या पाण्यांत गुरें शिरत होतीं तें पाणी माणसाच्या ओंजळीनें विटाळलें, आणि शेण-मूत कालवल्यानें तें शुद्ध झालें! जगांत आरोग्यशास्त्राची याहून मोठी थट्टा झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. याच्या उलट जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालींच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून दिला होता. आणि गाडगेबाबांनीं काय केलें? हातांत खराटा घेतला आणि जत्रेचीं ठिकाणें व गांवांचे रस्ते झाडले. देवापुढें बोकड कापूं नका, आधीं घाण काढा, हा त्यांचा उपदेश. पटकीच्या दृष्टीनें पाहिलें तर तो खराटा हें सर्वांत मोठें तीर्थ होतें.

अजूनहि जेथें वस्तीवस्तीचे पाणवठे निराळे आहेत तेथील लोकांना आम्ही विचारतों, जमिनीच्या पोटांतला झरा जात विचारून वाहतो काय? वरच्या आळीचें सांडपाणी खालच्या आळीच्या आडांत मुरतें. खालच्या आळींत पटकी उठली कीं आठ दिवसांत ती वरच्या आळींत येते. शेतांत, बाजारांत, शाळेंत माणसें एकमेकांत मिसळतातच. अर्धें गांव स्वच्छ पाणी पितें आणि अर्धें घाण पितें, अशा गांवांत निर्धास्त कोणीच राहूं शकत नाहीं.

आंधळेपणा केवळ आमच्याच देशाचा होता असें मात्र कोणी समजूं नये. १८३२ च्या सुमारास इंग्लंड-स्कॉटलंडांत पटकी पसरली असतां ओ'शॉनेसी नांवाच्या तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासून सांगितलें, यांतलें पाणी आणि मीठ गेलें आहे, तें परत द्या. लीथ गांवच्या थॉमस लाटा यानें लगेच शिरेंतून मीठपाणी घालून मरणाच्या दारांतलीं माणसें उठवून बसविलीं. परंतु बड्या डॉक्टरांनीं तें मनावर घेतलें नाहीं. आधींच आटलेल्या रोग्याच्या शिरा कापून रक्त काढणें आणि पाऱ्याचें रेचक देणें हाच उपचार पुष्कळ वर्षें चालू राहिला. पोथी इंग्रजी असली म्हणून कांहीं ती पोथी राहत नाहीं असें थोडेंच आहे?

१८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत थोड्या दिवसांत सहाशेंवर माणसें पटकीनें मेलीं. तेव्हां शहाणे लोक दुर्गंधीच्या हवेला दोष देत होते. डॉ. जॉन स्नो यानें घरोघर जाऊन मेलेल्यांनीं पाणी कोठलें प्यालें याचा तपास केला. सगळ्या वाटा एकाच हातपंपाकडे गेल्या. त्यानें पंपाचा दांडा काढून घेण्यास लावलें. तेथील हेन्री व्हाइटहेड नांवाचा पाद्री प्रथम स्नोचें म्हणणें खोटें ठरविण्यास निघाला होता. त्यानेंच पुढें शोध लावला कीं पंपाला लागून असलेल्या घरांत एक तान्हें मूल जुलाबानें आजारी होतें, त्याचीं दुपटीं धुतलेलें पाणी घरच्या शोषखड्ड्यांत ओतलें जाई, आणि तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांवर असून त्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या. धर्मगुरु असूनहि त्या गृहस्थानें देवाच्या कोपावर बोट ठेवलें नाहीं, शोषखड्ड्यावर ठेवलें. असे धर्मगुरु आम्हांलाहि मिळोत!

त्याहून बोलका दाखला १८९२ सालचा आहे. जर्मनींत एल्ब नदीच्या कांठीं हँबुर्ग आणि आल्टोना हीं दोन शहरें एकमेकांस लागून होतीं. हँबुर्ग व्यापाऱ्यांचें, श्रीमंत. पण पाणी गाळण्याच्या खर्चाबद्दल तेथील धनिक वर्षानुवर्षें घोळ घालीत बसले. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला. हँबुर्गची घाण मिसळल्यानंतरचें पाणी त्याच्या वांट्याला येई. पण तें वाळूच्या थरांतून गाळून मग लोकांना दिलें जाई. त्या सालीं पटकी आली तेव्हां हँबुर्गांत साडेआठ हजारांच्या आसपास माणसें मेलीं आणि आल्टोना जवळजवळ वांचलें. नदी तीच, हवा तीच, देवहि तोच. फरक एका वाळूच्या थराचा होता, आणि त्या थरावर खर्च करणाऱ्या नगरपालिकेचा होता.

आतां औषधाकडे वळूं. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानांतील अत्याचारांना भिऊन लाखों निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगांवच्या छावणींत पटकी उठली. शिरेंतून द्यावयाच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेथें डॉ. दिलीप महलानबीस यांनीं धाडस केलें. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मापून पुड्या बांधल्या, त्या पाण्यांत कालवून पिंपें भरलीं आणि रोग्यांच्या आया-बहिणींच्या हातांत पेले दिले. त्या छावणींत शंभरांत तीसाच्या आसपास रोगी मरत होते. तें प्रमाण चारांच्या खालीं आलें. ज्या बायांना लिहितां-वाचतां येत नव्हतें त्यांनीं आपल्या हातानें माणसें वांचविलीं. यांतली खुबी अशी आहे कीं नुसतें पाणी किंवा नुसतें मीठपाणी आजारी आंतडें नीट शोषून घेत नाहीं. त्यांत माफक साखर असली कीं साखरेबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी आंत ओढलें जातें. पटकीचें विष सारीं दारें मोडतें, पण हें एक दार त्याला बंद करतां येत नाहीं. त्या पेयालाच आपण आज जलसंजीवनी किंवा ओआरएस म्हणतों.

त्याच्याहि पुढची गोष्ट बांगलादेशांत झाली. ब्रॅक या संस्थेच्या कामकरी स्त्रिया १९८० ते १९९० या काळांत एक कोटीहून अधिक घरांत पायीं गेल्या आणि तीन बोटांच्या चिमटीइतकें मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचें पेय करण्यास प्रत्येक घरच्या बाईला शिकवून आल्या. शिकविणारीचा पगार तिनें किती घरें केलीं यावर नव्हता. महिन्याभरानें त्या आयांना कितपत आठवतें हें तपासून तो ठरे. ज्ञान असें वांटावें लागतें! आमच्याकडे ज्ञान पोथींत कोंडून ठेवण्याची रीत होती. म्हणून शेतकऱ्याच्या घरांत गूळ होता, मीठ होतें, पाणी होतें, आणि तरी त्याचें लेंकरूं तहानेनें मेलें.

तेव्हां बंधु-भगिनींनो, पुढील ओळी घरांतील सर्वांना वाचून दाखवा.

जुलाब सुरू होतांच, डॉक्टरची वाट न पाहतां, पाजण्यास सुरुवात करा. 'जुलाबांत पाणी दिलें कीं जुलाब वाढतात' ही समजूत माणसें मारणारी आहे. ती आजच चुलींत घाला. आशाताईकडे किंवा सरकारी दवाखान्यांत ओआरएसची पुडी फुकट मिळते. एक लिटरची पुडी असेल तर ती सबंध पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यांतच कालवावी. कमी पाण्यांत नाहीं, जास्त पाण्यांत नाहीं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंहून खारट लागतां कामा नये. मीठ जास्त झालें तर लेंकराला अपाय होतो. साखर नसेल तर गूळ चालेल. तेंहि करणें न जमल्यास मीठ घातलेली तांदळाची पेज द्या. कालवलेलें पेय चोवीस तासांनंतर ओतून टाका.

प्रत्येक जुलाबामागें दोन वर्षांच्या आंतील मुलाला पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला, आणि मोठ्या माणसाला मागेल तितकें द्यावें. ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्या-चमच्यानें पाजावें. अंगावरचें दूध तोडूं नये. खाणें बंद करूं नये. या पेयानें जुलाब तात्काळ थांबत नाहींत. ते कांहीं दिवसांत आपोआप थांबतात. तोंवर माणूस जिवंत ठेवणें हें पेयाचें काम आहे. लहान मुलांना चौदा दिवस जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या देतात, त्या आशाताईकडून मागून घ्या. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलांना देऊं नका. रोगी पेंगूं लागला, पाणी पिऊं शकेनासा झाला, लघवी बंद झाली, कातडीची चिमटी घेतली तर ती तशीच उभी राहिली, कीं तो शिरेंतून सलाइन देण्याच्या योग्यतेचा झाला असें समजून १०८ नंबरला फोन करा आणि पिऊं शकत असेल तर वाटेनेंहि घोट-घोट पाजत न्या. कोठलें जंतुनाशक औषध द्यावयाचें तें डॉक्टर ठरवील.

व्यापाऱ्यांपासूनहि सावध राहा. ओआरएसचें नांव लावलेलीं गोड रंगीत सरबतें बाजारांत खपविलीं जात होतीं. त्यांत साखर बेसुमार आणि मीठ अपुरें. ऑक्टोबर २०२५ मध्यें अन्नसुरक्षा प्राधिकरणानें असें नांव वापरण्यास बंदी केली. खोक्यावरचीं चित्रें पाहून फसूं नका. जें फुकट मिळतें तेंच येथें अस्सल आहे.

पटकीवर तोंडानें घ्यावयाची लसहि आहे. साथीच्या जागीं सरकारनें दिली तर अवश्य घ्यावी. पण तिचा गुण जन्मभर टिकत नाहीं, आणि हगवण-काविळीला ती अडवीत नाहीं. विहीर घाण ठेवून लसीवर विसंबणें म्हणजे छप्पर न शाकारतां घोंगडी पांघरून पावसाळा काढणें होय.

म्हणून आतां विहिरीचा हिशेब शिका. विहिरीचा व्यास मीटरमध्यें मोजा. त्याला त्यानेंच गुणा. मग पाण्याच्या खोलीनें गुणा. आलेल्या आंकड्याचे शंभरांत सुमारें अठ्ठ्याहत्तर भाग घ्या, म्हणजे घनमीटर पाणी निघालें. दर घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरींत सुमारें अठ्ठावीस हजार लिटर पाणी असतें. तिला सत्तर ग्रॅम पावडर पुरे. ती पावडर विहिरींत तशीच फेंकूं नये. बादलींत थोड्या पाण्यांत कालवून लगदा करावा, मग पाणी वाढवावें, पांच-दहा मिनिटें चुना खालीं बसूं द्यावा, आणि वरचें निवळ पाणी दुसऱ्या बादलींत घेऊन ती विहिरींत सोडून वर-खालीं हालवावी. चुन्याचा गाळ विहिरींत टाकूं नये. त्यानंतर एक तास कोणी पाणी भरूं नये. म्हणून हें काम रात्रीं करावें. साथ असेल तर रोज करावें. ओटी चांचणींत पाणी पिवळें झालें तर क्लोरीन शिल्लक आहे असें समजावें. पिवळें न झालें तर पावडर कमी पडली किंवा उघड्या पोत्यांत दमट होऊन मेली.

विहिरीला कठडा व भोंवतीं उताराचा ओटा हवा. संडासाचा खड्डा व उकिरडा विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर हवा. रोग्याचीं धुणीं विहिरीवर किंवा नदींत धुतां कामा नयेत; तीं उकळत्या पाण्यांत घालावीं. घरांत प्यावयाचें पाणी आधीं गाळावें, मग उकळावें किंवा त्यांत क्लोरीनचे थेंब टाकावे. आमच्या बायकांची गाळण्याची जुनी चाल वेडगळ नाहीं. बांगलादेशांतील मतलब भागांत जुनी सुती साडी चार किंवा अधिक पदरी करून पाणी गाळावयास लावलें, तेव्हां पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यानें घटले असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. कारण पटकीचे जंतु पाण्यांतल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि जुन्या लुगड्याच्या दाट झालेल्या विणींत ते किडे अडकतात. कारागीर बंधूंनो, येथें तुमचेंहि काम आहे. कुंभारानें माठाला तोटी ठेवावी, लोहारानें लांब दांड्याचें ओगराळें करावें, गवंड्यानें कठडा बांधावा. हात बुडवून प्यालेलें पाणी कितीहि गाळलेलें असलें तरी फुकट गेलें.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. नळ आला म्हणजे शुद्ध पाणी आलें अशी एक नवी अंधश्रद्धा पसरली आहे. नळ दिवसांतून तासभर चालतो. तो बंद असतां पाईप रिकामा होतो आणि फुटक्या जागेंतून गटाराचें पाणी आंत खेंचून घेतो. २०२२ च्या जुलैंत मेळघाटांत, चिखलदरा तालुक्यांतील पाचडोंगरी व कोयलारी या आदिवासी गांवांत पटकीनें माणसें मेलीं. बिल थकल्यामुळें वीज तोडली होती, नळाचें पाणी बंद होतें, आणि लोकांना उघड्या विहिरीचें दूषित पाणी प्यावें लागलें, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांनीं छापलें. त्या माणसांना कोणी मारलें? जंतूनें मारलें हें खरें. पण जंतूला विहिरीपर्यंत रस्ता कोणी करून दिला?

येथें आम्हांला आमच्याच लोकांशीं कडक बोललें पाहिजे. एके काळीं आम्ही म्हणत असूं कीं कुळकर्ण्याच्या दप्तरांत गांव अडकलें आहे, आमच्या हातीं कांहीं नाहीं. तें तेव्हां खरें होतें. आतां सरपंच आमचा, सदस्य आमचे, ग्रामसभा आमची. निम्म्या जागा बायकांच्या. ज्या बाईच्या डोक्यावर रोज हंडा आहे तिलाच पाण्याबद्दल बोलण्याचा पहिला हक्क आहे. तरी ग्रामसभेंत माणसें जमत नाहींत, आणि वर्गणी मात्र कमानीला व बँडला निघते. भटाला शिव्या देणें सोपें आहे. टीसीएलच्या पोत्याचा हिशेब मागणें कठीण आहे, कारण तो आपल्याच भाऊबंदाला मागावा लागतो. सत्यशोधक म्हणविणाऱ्याची परीक्षा येथेंच आहे.

यंदाच्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवच्या ग्रामसभेंत हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. गांवांत जलसुरक्षक कोण आहे? पावडर केव्हां आणली आणि ती झांकून ठेवली आहे काय? ओटी चांचणीची वही कोठें आहे? आरोग्य खात्याच्या पाहणींत आमच्या पाणवठ्याला हिरवें कार्ड मिळालें कीं लाल, आणि लाल असेल तर काय दुरुस्त केलें? नळयोजनेचें वीजबिल भरलें आहे काय? पाईप कोठें फुटला आहे? शेवटच्या वस्तीला पाणी पोंचतें काय, कीं तीच वस्ती अजून ओढ्याचें पीत आहे? आणि उत्तरें तोंडी नकोत; इतिवृत्तांत लिहून घ्या. एकाच आळींत दोन-चार माणसांना एकदम जुलाब लागले तर लपवूं नका, त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. साथ लपविल्यानें गांवची अब्रू राहत नाहीं, स्मशान वाढतें.

हें होण्यासारखें आहे काय, असें कोणी विचारील. नारू आठवा. पायविहिरीचें दूषित पाणी प्याल्यानें होणारा, पायांतून हातभर किडा काढणारा तो रोग या देशांत खेडोपाडीं होता. त्याच्यावर लस निघाली नाहीं, गोळी निघाली नाहीं. पायविहिरी बंद केल्या, पाणी फडक्यानें गाळलें, रोग्याला पाण्यांत उतरूं दिलें नाहीं, एवढेंच केलें. १९९६ सालीं शेवटचा रोगी सांपडला आणि २००० सालीं हिंदुस्थान नारूमुक्त जाहीर झाला. त्यासाठीं एकहि गाडा शिवेबाहेर ढकलावा लागला नाहीं.

पटकीचेंहि तसेंच होईल. मरीआईला बोकड देण्याची तयारी असलेल्या गांवानें तेवढ्याच पैशांत विहिरीला कठडा द्यावा. शेजाऱ्याच्या शिवेंत गाडा सोडण्याऐवजीं शेजारच्या गांवाला पावडर कालवण्याची रीत शिकवून यावें. पुढारी, मंत्री, डॉक्टर येतील तेव्हां येतील. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि ग्रामसभेंत हात वर करून विचारलेला एक प्रश्न, एवढें तर आजच्या आज आपल्या हातीं आहे. तें करा, आणि यंदाच्या पावसाळ्यांत आपल्या गांवांतील एकहि लेंकरूं तहानेनें मरूं देऊं नका.